एकोणतीस

भाविका कोळीला शंभरपर्यंत येतं.
हात मागे बांधून उभी राहते
आणि एका दमात, डोळे मिटून, शंभर.
अमळनेरच्या फाटकावरून मालगाडी जाते तशी,
डब्यात काय आहे कुणी विचारत नाही,
मागे नुसता धुरळा.

मी म्हटलं, सात चिंचोके दे.
तिनं मूठ भरून दिले.
परत म्हटलं, सात.
तिनं दुसरीही मूठ आणली.
तिला वाटलं, बाईंना कमी पडले.

चूक माझीच.
जूनपासून मी आकडे म्हणून घेत होते,
लग्नाच्या पत्रिकेतली नावं वाचावीत तसे,
आणि त्यातला एकही पाहुणा
तिच्या दारात कधी आला नव्हता.

मग तक्ता गुंडाळून ठेवला.
बाटल्यांची बुचं आली, चिंचोके आले,
तुटक्या बांगड्या, कुणाच्या तरी वडलांच्या शर्टाची बटणं.
एका पोराला एक बूच. उरली किती?
कुणाच्या मुठीत जास्त, कुणाच्या कमी,
मोजायच्या आधी सांग, मग मोज.
गोंधळ इतका की शेजारच्या वर्गातून
पवार सर दोनदा डोकावून गेले.
नोव्हेंबरात ती सात म्हणाली
आणि बोट सातव्यावरच थांबलं.
मी तिला काही बोलले नाही.
वहीत तारीख लिहून ठेवली.

पण अठ्ठावीसपुढे गाडी अडायची.
वीस-नऊ, ती म्हणायची. मी म्हणायचे, एकोणतीस.
एकदा तिनं विचारलं,
नाव तिसाचं, मग तो तिसाच्या आधी कसा काय?
पदविकेच्या दोन वर्षांत
हे मला कुणी विचारलं नव्हतं.
‘तसंच असतं’ म्हणाले,
आणि दिवसभर ते वाक्य
दाताच्या फटीत अडकून राहिलं.

चैत्रात तिच्या घरी गेले, तापीच्या अंगाला.
अंगणात बाज, बाजेवर ओलं लुगडं,
त्यावर ज्वारीचे बिबडे, ओळीनं घातलेले.
ज्योत्स्ना, तिची आई, हात न थांबवता म्हणाली,
बाई, मना काई हिसोब नई,
चौथीतच शाळा सुटनी.
आणि त्याच दमात सांगितलं
एका पायलीत किती बिबडे निघतात,
मीठ किती, पाणी किती,
आणि पीठ अर्धंच असलं तर मग किती.
मी ऐकत राहिले.
माझ्या पुस्तकातला अख्खा धडा
तिच्या मनगटातून खाली उतरत होता, गोल, पातळ.

म्हटलं, हेच पोरीला विचारा.
जेवायला माणसं किती, ताटं किती.
एक ताट कमी पडलं तर काय करायचं.
चुकली तर चुकू द्या, परत मोजेल.
ज्योत्स्ना हसली. ‘इतलंच?’

मग तिनं बाजेकडं बघून हाक दिली,
भाविका, कितला शेतस वं?

भाविका शेळी हाकलायला बसली होती, हातात काठी.
उठली. ओळीवरून बोट फिरवलं.
सहा. सहा. सहा. सहा.
शेवटच्या ओळीत बोट थांबलं,
लुगड्यावर एक ओला गोल डाग होता तिथं.
माझ्याकडं बघितलं, मग आईकडं.

‘एकोणतीस.’

थांबली. गिळलं.

‘तीस व्हतात. एक मी खादा.’

आणि तोंड उघडून दाखवलं,
जिभेवर अजून थोडा पुरावा होता.

आई काठी शोधायला लागली.
मी मात्र बाजेच्या कडेवर टेकले.
आजवर हजारदा उच्चारलेला शब्द
पहिल्यांदाच उलगडत होता,
एक ऊन तीस, एक ऊन तीस,
किती वर्षं आमच्या भाषेनं
ती रिकामी जागा जपून ठेवली होती
एका पोरीनं येऊन खाईपर्यंत.

सोमवारी वर्गात भाविका उभी राहिली,
हात या वेळी मागे नव्हते.
एकोणचाळीस म्हणजे, ती म्हणाली,
चाळीस होते, एक कुणीतरी खाल्ला.

मागच्या रांगेतून लगेच आवाज,
‘कोणी?’